गळ्यातील ग्रंथी आणि प्रयत्नाने लाभलेला गर्भ



आजच्या व्याख्यानाचा विषय पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मूल होत नाही म्हणून उपचार घेणाऱ्या स्त्रीच्या गर्भाशयाविषयी किंवा अंडाशयाविषयी कोणी बोलले तर ते स्वाभाविक ठरते. पण तिच्या गळ्याचा येथे काय संबंध? वैद्यकाच्या व्यवहारातही नेमकी हीच अडचण आहे. गर्भधारणेसाठी उपचार करणारा तज्ज्ञ एका दालनात बसतो, ग्रंथींच्या विकारांचा तज्ज्ञ दुसऱ्या दालनात बसतो, आणि स्त्रीचे शरीर मात्र एकच असते. या दोन दालनांमधील मोकळ्या जागेत पुष्कळ काही हरवते. तेथे एक खरोखर उपयोगी औषध वेळेवर दिले जात नाही, आणि तेच औषध, ज्यांना त्याचा काही उपयोग नाही अशा स्त्रियांना आशेपोटी दिले जाते. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करून दाखवाव्यात, एवढाच माझा आजचा उद्देश आहे.

ही ग्रंथी कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून असते. तिचा आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा आणि वजन सुमारे वीस ग्रॅम. अवटुग्रंथी हे तिचे ग्रंथांतरीचे नाव. पण आता खेड्यापाड्यांतही तिला थायरॉईड असेच म्हणतात, आणि पुष्कळ जण 'मला थायरॉईड आहे' असे रोगाचेच नाव म्हणून सांगतात, जणू इतरांना ती ग्रंथी नसतेच! आहारातील आयोडीन वापरून ती थायरॉक्सिन नावाचे हॉर्मोन तयार करते. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीच्या कामाची गती या हॉर्मोनावर अवलंबून असते. ते कमी पडले की माणूस मंदावतो, अंगावर सूज येते, थंडी सोसत नाही, आणि स्त्रियांची मासिक पाळी बिघडते. १८९१ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे यांनी अशा एका स्त्रीला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. ती त्यानंतर अठ्ठावीस वर्षे जगली. १९२६ मध्ये चार्ल्स हॅरिंग्टन यांनी थायरॉक्सिनची रासायनिक रचना उलगडली आणि पुढच्याच वर्षी ते प्रयोगशाळेत बनविले गेले. आज त्याची गोळी अत्यंत स्वस्त आहे. वैद्यकातील फार थोडी औषधे इतकी जुनी, इतकी स्वस्त आणि इतकी खात्रीची आहेत.

या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीची देखरेख असते. रक्तातील थायरॉक्सिन कमी झाले की पोष ग्रंथी एक उद्दीपक हॉर्मोन अधिक सोडते. प्रयोगशाळेच्या अहवालात जे टीएसएच म्हणून लिहिलेले असते ते हेच. म्हणून टीएसएचचा आकडा वाढलेला दिसला की थायरॉईड कमी पडत आहे असे समजावयाचे. कामचुकार गड्याला मुकादमाच्या हाका जास्त पडतात, तसा हा प्रकार आहे.

आता दुसऱ्या दालनाकडे वळू. शरीराबाहेर फलन करून जन्मलेले पहिले मूल २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे जन्मले. रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी यांनी त्या मातेला अंडाशय उत्तेजित करणारी औषधे दिली नव्हती. निसर्गक्रमाने परिपक्व झालेले एकच बीजांड त्यांनी मिळविले होते. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांनी भारतातील पहिले असे मूल जन्मले. त्यांचा मार्ग निराळा होता. त्यांनी औषधे देऊन अंडाशय उत्तेजित केले, भ्रूण गोठवून ठेवला आणि नंतरच्या पाळीच्या चक्रात तो गर्भाशयात सोडला. त्यांच्या हयातीत त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी स्वतःचे जीवन संपविले. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंदकुमार यांना असेच यश लाभले, आणि पुढे १९९७ मध्ये कोलकात्याचे श्रेय कोलकात्याला द्यावयास हवे, हे आनंदकुमारांनीच जाहीरपणे मांडले. हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, आज जगभर रूढ झालेली पद्धत, म्हणजे अंडाशयांचे उत्तेजन आणि भ्रूण गोठविणे, ही ओल्डहॅमपेक्षा कोलकात्याच्या अधिक जवळची आहे. आणि थायरॉईडवर ताण पडतो तो या उत्तेजनामुळेच.

तो कसा पडतो, हे जरा सावकाश समजून घेऊ. रक्तात असलेले थायरॉक्सिन बहुतेक सर्व बांधलेल्या स्थितीत असते. यकृतात तयार होणारी काही प्रथिने त्याला धरून ठेवतात, आणि दहा हजार भागांपैकी जेमतेम दोन-तीन भागच मोकळे असतात. पेशींच्या उपयोगी पडतात ते हेच मोकळे भाग. अंडाशय उत्तेजित केले म्हणजे एकाऐवजी अनेक बीजांडे वाढू लागतात, आणि त्यांच्याभोवतीच्या पुटकांतून स्त्रीमद हे हॉर्मोन नेहमीच्या कित्येक पटींनी रक्तात येते. स्त्रीमदाचा एक परिणाम असा होतो की, थायरॉक्सिनला धरून ठेवणारे मुख्य प्रथिन रक्तातून लवकर नाहीसे होत नाही आणि त्याचा साठा वाढत जातो. गोदामे वाढली की बाजारातला माल कमी होतो. मोकळे थायरॉक्सिन घटते, पोष ग्रंथीच्या हाका वाढतात, आणि ग्रंथीने अधिक उत्पादन करावे अशी अपेक्षा निर्माण होते. निसर्गतः राहिलेल्या गर्भातही हेच घडते, पण ते आठवड्या-आठवड्यांनी, हळूहळू. उपचारांत ते थोड्या दिवसांत, झपाट्याने घडते. गोठविलेला भ्रूण रोपताना गर्भाशयाचे अस्तर तयार व्हावे म्हणून पुष्कळदा स्त्रीमदाच्या गोळ्या तोंडाने दिल्या जातात. त्यांचाही परिणाम याच दिशेने होतो.

ज्या स्त्रीची ग्रंथी निरोगी आहे ती हा भार सहज उचलते. तिला त्याची जाणीवही होत नाही. प्रश्न दोन प्रकारच्या स्त्रियांचा आहे. एक, जिची ग्रंथी निकामी झाली आहे आणि जी ठरावीक गोळीवर जगते. गोळी काही आपण होऊन वाढत नाही. दुसरी, जिची ग्रंथी आज कशीबशी पुरी पडते आहे, पण जिच्यापाशी शिल्लक काही नाही.

गर्भाच्या बाजूने पाहिले तर ही वेळ मोठी नाजूक असते. गर्भाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास आयोडीन ओढून घेऊ लागते, आणि पुरेसे काम करावयास तिला गर्भारपणाचा मध्य उजाडतो. तोपर्यंत त्याच्या मेंदूला लागणारे थायरॉक्सिन वारेतून, म्हणजे मातेकडूनच, यावयाचे असते. अमेरिकेतील मेन राज्यात गर्भवतींच्या रक्ताचे पंचवीस हजारांहून अधिक नमुने साठविलेले होते. त्यांतून थायरॉईड कमी पडलेल्या माता शोधून, त्यांच्या सात ते नऊ वर्षांच्या मुलांची बुद्धिमापन चाचणी घेण्यात आली. जेम्स हॅडो व त्यांचे सहकारी यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात, उपचार न मिळालेल्या ४८ मातांच्या मुलांचा बुद्ध्यंक इतर मुलांपेक्षा सरासरीने ७ अंकांनी कमी भरला. याला एक पुस्ती जोडणे न्यायाचे होईल. केवळ किंचित कमतरता असलेल्या गर्भवतींना औषध देऊन मुलांच्या बुद्धीत फरक पडतो का, हे २०१२ आणि २०१७ मधील दोन मोठ्या प्रयोगांत पाहिले गेले, आणि फरक आढळला नाही. मात्र त्या स्त्रियांना औषध सुरू झाले तेव्हा गर्भारपणाचे पहिले तीन महिने बहुधा उलटून गेले होते. म्हणजे किंचित कमतरतेने काही बिघडत नाही असे समजावे, की औषध उशिरा मिळाले असे समजावे, हे त्या प्रयोगांतून ठरत नाही. उघड, ठळक कमतरतेविषयी मात्र वाद नाही. तिच्यामुळे गर्भपात, गर्भारपणातील रक्तदाब, अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि कमी वजनाचे मूल, हे सर्व धोके वाढतात. आणि गोळीने ते टाळता येतात.

मग गोळी किती वाढवावी आणि केव्हा? बॉस्टन येथे एरिक अलेक्झांडर यांनी केलेला एक छोटासा पण फार मोलाचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. आधीपासून गोळी घेणाऱ्या १९ स्त्रियांच्या २० गर्भारपणांत त्यांनी वारंवार रक्त तपासले. १७ गर्भारपणांत मात्रा वाढवावी लागली, पहिल्या सहामाहीत ही वाढ सरासरीने ४७ टक्के होती, आणि ही गरज काहींच्या बाबतीत पाचव्या आठवड्यातच सुरू झाली होती. पाचवा आठवडा म्हणजे पाळी चुकून अवघा एक आठवडा झालेला. त्या वेळी आपल्याकडील बहुतेक स्त्रियांनी घरात कोणाला काही सांगितलेलेही नसते. म्हणून त्या अभ्यासाने असा सल्ला दिला की, गर्भ राहिल्याची खात्री होताच मात्रा सुमारे ३० टक्क्यांनी वाढवावी. व्यवहारात हे अगदी सोपे आहे. आठवड्याला सात गोळ्यांऐवजी नऊ गोळ्या, म्हणजे दोन दिवस दुप्पट. अर्थात हा बदल आपल्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठरवून ठेवावयाचा, आणि नंतर दर चार आठवड्यांनी रक्त तपासावयाचे.

माझ्या मते येथेच या उपचारांची एक मोठी सोय वाया जात आहे. निसर्गतः राहिलेल्या गर्भाची तिथी कोणालाही ठाऊक नसते. पण प्रयोगशाळेत फलन झालेल्या गर्भाचा दिवसच नव्हे, तर तासही नोंदवहीत लिहिलेला असतो. रोपणाची तारीख ठरलेली असते, रक्त तपासण्याची तारीखही ठरलेली असते. जिच्या गर्भाचे वेळापत्रक इतके काटेकोर आहे, तिच्या थायरॉईडची गोळी वाढवावयास आठव्या किंवा दहाव्या आठवड्यापर्यंत थांबण्याचे काही कारण नाही. उत्तेजन सुरू करण्यापूर्वी टीएसएच तपासावे, कारण उत्तेजनाच्या ऐन दिवसांतील आकड्याचा अर्थ लावणे कठीण जाते. ही तपासणी काही आठवडे आधी व्हावी. थायरॉक्सिन रक्तात निम्मे व्हावयास सुमारे सात दिवस लागतात, आणि त्यामुळे मात्रा बदलल्यावर नवा समतोल येण्यास पाच-सहा आठवडे जातात. परवा रोपण आहे म्हणून आज गोळी सुरू केली, याला फारसा अर्थ नाही.

गोळी सुरू असूनही आकडा खाली येत नाही, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. त्याचे कारण बहुतेक वेळा स्वयंपाकघरातील फळीवरच सापडते. आपल्याकडे गर्भवतीला लोहाच्या आणि चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या, गोळ्या दिल्या जातात आणि त्या द्यावयासच हव्यात. पण सर्व गोळ्या एकदम, सकाळच्या चहाबरोबर घेऊन मोकळे व्हावे, अशी आपली वृत्ती असते. लोह आणि कॅल्शियम हे दोन्ही थायरॉक्सिनला आतड्यातच अडवून ठेवतात. म्हणून थायरॉईडची गोळी पहाटे, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी. चहा-न्याहारी अर्ध्या-पाऊण तासाने, आणि लोहाची व कॅल्शियमची गोळी निदान चार तासांनी. ही गोष्ट सांगावयास एक मिनिट लागते. ते मिनिट गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात सापडत नाही.

आता मी दुसऱ्या गोष्टीकडे येतो. तिच्यावर मला अधिक वेळ द्यावा लागेल, कारण तिच्यात अधिक दुःख गुंतलेले आहे.

१९१२ मध्ये हाकारू हाशिमोतो या तरुण जपानी शल्यचिकित्सकाने चार स्त्रियांच्या सुजलेल्या थायरॉईड ग्रंथींचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या ग्रंथी पांढऱ्या पेशींनी भरून गेल्या होत्या. याचा अर्थ उलगडावयास चव्वेचाळीस वर्षे लागली. १९५६ मध्ये लंडन येथे डेबोरा डोनियाक, आयव्हन रॉइट आणि पीटर कॅम्बेल यांनी दाखवून दिले की, अशा रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉईडविरुद्ध प्रतिपिंडे असतात. परक्या जंतूंशी लढण्यासाठी असलेले सैन्य स्वतःच्याच गावावर चालून जावे, असा हा विकार आहे. पुढे असेही दिसून आले की, ग्रंथीचे काम अगदी ठीक असलेल्या पुष्कळ स्त्रियांच्या रक्तातही ही प्रतिपिंडे असतात.

१९९० मध्ये न्यूयॉर्क येथील ॲलेक्स स्टॅग्नारो-ग्रीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५२ गर्भवतींची तपासणी प्रसिद्ध केली. प्रतिपिंडे असलेल्यांमध्ये आपोआप गर्भपात होण्याचे प्रमाण १७ टक्के होते, नसलेल्यांमध्ये ८.४ टक्के. म्हणजे दुप्पट. पुढे इतर अनेक ठिकाणी असाच संबंध आढळला. मग २००६ मध्ये इटलीतून रॉबेर्तो नेग्रो यांचा अभ्यास आला. प्रतिपिंडे असलेल्या पण ग्रंथीचे काम ठीक असलेल्या गर्भवतींना थायरॉक्सिन दिले असता गर्भपाताचे प्रमाण १३.८ टक्क्यांवरून ३.५ टक्क्यांवर आले होते. अभ्यास लहान होता. औषध घेणाऱ्या स्त्रिया साठही नव्हत्या. परंतु ज्यांनी तीन-तीन वेळा गर्भ गमावला होता त्यांच्यासाठी, आणि त्यांना काहीतरी देऊ पाहणाऱ्या डॉक्टरांसाठी, तो आकडा म्हणजे बुडत्याला काडी होती. प्रतिपिंडांची तपासणी आणि त्यामागून गोळी, हा अनेक केंद्रांचा परिपाठ झाला.

अशा वेळी विज्ञानाने जे करावयास हवे ते चीन आणि ब्रिटन येथे झाले. बीजिंगमध्ये शरीरबाह्य फलनाचा उपचार घेणाऱ्या, प्रतिपिंडे असलेल्या पण टीएसएच योग्य असलेल्या ६०० स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, केवळ यदृच्छेने, दोन गट करण्यात आले. एका गटाला थायरॉक्सिन दिले, दुसऱ्याला दिले नाही. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गर्भपाताचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत १०.३ टक्के, न घेणाऱ्यांत १०.६ टक्के. जिवंत मूल जन्मण्याचे प्रमाण ३१.७ आणि ३२.३ टक्के. ब्रिटनमध्ये ४९ रुग्णालयांनी मिळून ९५२ स्त्रियांवर प्रयोग केला. या सर्वांना पूर्वी गर्भपात झालेला होता किंवा वंध्यत्वाचा इतिहास होता. गर्भ राहण्यापूर्वीपासून रोज ५० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन एका गटाला, आणि तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दुसऱ्या गटाला. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णाला ठाऊक नव्हते आणि डॉक्टरलाही नव्हते. २०१९ मध्ये उत्तर आले. चौतीस आठवडे पूर्ण होऊन जिवंत मूल जन्मण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ३७.४ टक्के, न घेणाऱ्यांत ३७.९ टक्के. याहून स्पष्ट उत्तर क्वचितच मिळते.

मग १९९० चे निरीक्षण खोटे होते का? तसे नाही. प्रतिपिंडे असणे आणि गर्भपात होणे या दोन गोष्टी पुष्कळदा एकत्र आढळतात, हे खरे आहे. पण एकत्र आढळणे म्हणजे एकीमुळे दुसरी घडणे नव्हे. आणि जिथे थायरॉक्सिन कमीच नाही, तिथे ते ओतून काय साधणार? प्रतिपिंडे गोळीने नाहीशी होत नाहीत. ती शरीराच्या संरक्षणव्यवस्थेतील एखाद्या व्यापक बिघाडाची खूण असतील. शिवाय वाढत्या वयात ती अधिक आढळतात आणि गर्भपातही वाढत्या वयात अधिक होतात.

याचा अर्थ प्रतिपिंडांचा अहवाल टाकून द्यावा असाही नाही. ज्या ग्रंथीवर असा हल्ला चालू आहे तिच्यापाशी शिल्लक थोडी असते, आणि उत्तेजनाचा किंवा गर्भारपणाचा भार पडताच ती कमी पडण्याचा संभव अधिक. म्हणून अशा स्त्रीचे टीएसएच वरचेवर तपासावे आणि ते वाढले तर, आणि तेव्हा, गोळी द्यावी. आकडा किती झाला म्हणजे वाढला म्हणावयाचे, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. २०११ मध्ये अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीसाठी २.५ ही मर्यादा सांगितली होती. २०१७ मध्ये, आपल्या लोकसंख्येचे स्वतंत्र आकडे उपलब्ध नसतील तर सुमारे ४ धरावी, असे सांगितले. शरीरबाह्य फलनाच्या उपचारांत किंचित कमतरता असलेल्या स्त्रियांसाठी मात्र २.५ च्या खाली आणण्याचे लक्ष्य तेव्हाही ठेवले. ही रेघ पुढेमागे हलू शकते. २.६ आकडा आला म्हणून रात्र जागून काढावी, असे तिच्यात काही नाही.

हे सर्व मी इतक्या विस्ताराने का सांगतो? आपल्या समाजात गर्भ टिकला नाही की दोष प्रथम स्त्रीवर जातो. ती जड काही उचलत होती, तिने पपई खाल्ली, ती वेळेवर झोपली नाही. आता त्यांत एका कागदी अहवालाची भर पडली आहे. 'तुझ्या थायरॉईडमुळे झाले' हे वाक्य सासूच्या तोंडी जितक्या सहजतेने येते, तितक्याच सहजतेने कधी कधी डॉक्टरच्याही तोंडी येते. टीएसएच योग्य असताना, केवळ प्रतिपिंडे आढळली म्हणून, असे म्हणण्यास आधार नाही. आणि 'गोळी घ्यावयास हवी होती' असे म्हणण्यास तर मुळीच नाही.

आयोडीनविषयी थोडे बोलतो. हिमाचल प्रदेशातील कांग्रा खोऱ्यात १९५६ पासून व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगाने आयोडीनयुक्त मिठाने गलगंड हटतो हे दाखविले, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. गर्भवतीला आयोडीन अधिक लागते. जागतिक आरोग्य संघटनेने तिच्यासाठी रोज २५० मायक्रोग्रॅम सांगितले आहे, इतर प्रौढांसाठी १५०. पण अति आयोडीनही ग्रंथीला काही काळ थोपवू शकते. वंध्यत्वाच्या तपासणीत गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी आयोडीनयुक्त द्रव सोडून क्ष-किरण चित्र घेतात. २०१७ मध्ये नेदरलँड्समधील मोठ्या प्रयोगात असे दिसले की, पाण्यात मिसळणाऱ्या द्रवाऐवजी तेलकट द्रव वापरला तर पुढील सहा महिन्यांत गर्भ राहण्याचे प्रमाण २९.१ वरून ३९.७ टक्क्यांवर जाते. हा मोठाच लाभ आहे. मात्र तेलकट द्रवातील आयोडीन शरीरात महिनोन्‌महिने रेंगाळते आणि काही स्त्रियांचे टीएसएच वाढविते. म्हणून तो वापरला असेल तर पुढील काही महिने रक्ततपासणी चुकवू नये. एका दालनात झालेल्या तपासणीची वार्ता दुसऱ्या दालनात पोहोचत नाही, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

प्रसूतीनंतरचे तेवढे सांगून थांबतो. मूल जन्मले की वाढविलेली गोळी पूर्वीच्या मात्रेवर आणावी आणि सुमारे सहा आठवड्यांनी टीएसएच तपासावे. जिच्या रक्तात प्रतिपिंडे आहेत, तिच्या ग्रंथीला बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात सूज येण्याचा संभव असतो. प्रथम हॉर्मोन जास्त सुटते, छाती धडधडते, चिडचिड होते. काही महिन्यांनी ते कमी पडते, आणि मग थकवा, उदासपणा, केस गळणे. वर्षानुवर्षांच्या उपचारांनी मिळालेले मूल मांडीवर असताना आई उदास का, असे घरचे विचारतात, आणि तीही स्वतःलाच दूषण देत बसते. अशा आईचे रक्त तपासून पाहावे. त्याला एक चमचाभर रक्त पुरते.